भाषा न कळणारा परीक्षक : रियाध ते जेद्दा, जानेवारी १९९१

जेद्दाला जायचं ठरलं ते पासपोर्टांमुळे.

युद्ध सुरू होऊन आठवडा झाला होता. रियाधच्या ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या होत्या आणि ज्यांना गॅस मास्क मिळाले होते त्यांच्या टेबलाखाली ते पडलेले असत. मी एका बांधकाम कंपनीत पर्सोनेलचं काम पाहत होतो. वय त्रेचाळीस, बायको आणि मुलगी मिरजेला. कामगारांचे पासपोर्ट रिवाजाप्रमाणे कंपनीकडे, म्हणजे माझ्या कपाटात असत. रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागल्यावर आमच्या कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर आमचे व्हिसा होते त्या सौदी मालकानं, हुकूम दिला की पासपोर्ट जेद्दाच्या शाखेत हलवा, तिथवर काही पोचत नाही. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं आहे : "पासपोर्ट सुरक्षित जागी जाणार, माणसं इथेच राहणार." हे लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोकी भरायला बसलो.

खोकी भरताना रेने आला. रेने आमचा ड्राफ्ट्समन, मनिलाजवळच्या एका गावचा, पस्तिशीचा. फार बोलत नसे. त्यानं दार लावून घेतलं आणि विचारलं, मलाही न्याल का? शुक्रवारी तिथल्या कॅम्पात फेस्टिव्हल आहे.

हे फेस्टिव्हल म्हणजे काय ते आधी सांगतो. मनिलात दर नाताळात चित्रपट महोत्सव भरतो. त्या दिवसांत तिथली थिएटरं परदेशी सिनेमे उतरवून फक्त आपले सिनेमे लावतात. आधी नटनट्यांची सजवलेल्या गाड्यांतून मिरवणूक निघते, मग बक्षिसांचा सोहळा. आमच्याकडच्या फिलिपिनो कामगारांनी त्याची आपली एक आवृत्ती काढली होती. सौदीत तेव्हा थिएटर नव्हतंच. त्यामुळे मनिलातल्या एका नाताळाचे सिनेमे व्हिडिओ कॅसेटवर चढून, कुणाच्या तरी बॅगेतून, कस्टमच्या तपासणीतून सुटून पुढच्या नाताळापर्यंत कॅम्पात पोचत. म्हणजे त्यांचा महोत्सव कायम एक वर्ष मागे. मेसमध्ये टीव्ही, जमिनीवर चटया आणि शेवटी बक्षिसं.

अभिनयाच्या बक्षिसासाठी त्यांचा एक नियम होता, तो मला फार आवडायचा. परीक्षक तीन, आणि तिघांनाही त्यांची भाषा येता कामा नये. भाषा येणारा माणूस आपल्या प्रांताच्या नटीला मत देतो, अशी त्यांची भांडणं झाली होती. भाषा न कळणारा फक्त चेहरा बघतो. आदल्या वर्षी रियाधच्या कॅम्पात मी परीक्षक होतो. या खेपेस डिसेंबरातच बरेचसे फिलिपिनो जेद्दाच्या साइटवर गेले, कॅसेटीही गेल्या, आणि फेस्टिव्हल जानेवारीवर ढकललं गेलं. मी येतो आहे असं कळल्यावर तिथले फोरमन मँग टोनी यांनी निरोप पाठवला होता, खुर्ची ठेवली आहे. मँग म्हणजे आपल्याकडचं काका म्हणा.

रेनेला का यायचं होतं ते त्यानं उभ्या-उभ्या सांगितलं. त्याची धाकटी बहीण, मिला. तिच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा खर्च तो इथून करत होता. तिसऱ्या वर्षी तिनं ते सोडलं आणि सिनेमात गेली. यानं चिडून एक पत्र लिहिलं आणि त्यानंतर दोन वर्षं एक ओळ नाही. तिनं मात्र वर्षभरापूर्वी लिहिलं होतं : नाताळच्या महोत्सवात माझा सिनेमा आहे, छोटं काम आहे, तू बघ, आणि मग मला बहीण म्हणायचं की नाही ते ठरव. ती कॅसेट आता जेद्दात होती.

"सर, माझ्यावर काही पडलं तर तिला वाटेल मी बघितलाच नाही," तो म्हणाला.

परदेशी माणसाला एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला कफीलच्या शिक्क्याचं पत्र लागायचं. ते टाइप करणारा मीच. रेनेच्या नावापुढे मी कारण लिहिलं : सामान चढवण्या-उतरवण्यास मदतनीस. खोकी तीन होती आणि एक माणूस दोन फेऱ्यांत ती उचलू शकला असता. हे खोटं होतं आणि मी ते नीट समासात बसवून टाइप केलं.

बुधवारी पहाटे फजरची बांग झाली आणि आम्ही निघालो. गाडी कंपनीची जीएमसी, चालवायला इस्माईलभाई. इस्माईलभाई मूळचे श्रीवर्धनकडचे, हाडाचे वेल्डर, पण गाडी त्यांच्याइतकी सरळ कुणी चालवत नसे. दरवर्षी बक्षिसाची मूर्ती तेच करायचे. या वर्षीची मूर्ती त्यांच्या पायाशी फडक्यात गुंडाळलेली होती : दोन इंची पाइपचा एल्बो, म्हणजे कोपराचा सांधा, त्यावर व्हॉल्व्हचं चाक, आणि एल्बो अशा कोनात जोडलेला की बाई मान वळवून मागं बघते आहे असं वाटावं. यंदा तेही परीक्षक होते.

रियाध सोडल्यावर तुवैकचा कडा उतरायला लागलो. समोरून लष्करी ट्रकांच्या रांगा येत होत्या, दिवे लावून, एकाच वेगानं. खाली उतरल्यावर सपाट माळ सुरू होतो तो तायफपर्यंत. आज त्या रस्त्यानं जाणार असाल तर पेट्रोलची काळजी करू नका, पण तेव्हा दोन पंपांमधलं अंतर लक्षात ठेवावं लागे. तीन ठिकाणी गाडी अडवली. दर वेळी मी पत्र पुढे केलं, शिपायानं खोकी बघितली, रेनेकडे बघितलं, "यल्ला", चला, म्हणाला. दर वेळी माझे तळहात ओले झाले.

झालिमच्या पंपावर जेवलो. एका थाळ्यात तिघांना पुरून उरेल एवढा भात आणि कोंबडी, वर कागदी कपातला काळा चहा, सगळं मिळून दहा-बारा रियाल. इस्माईलभाई जेवताना रेनेला म्हणाले, तुझी बहीण हिरॉइन, आणि तू आमच्या गाडीत खोकी उचलतोस. रेने हसला. तो त्या दिवशी एकदाच हसला म्हणून लिहून ठेवलं आहे.

तायफला चांगलीच थंडी होती. तिथून हदाचा घाट उतरताना वळणावळणावर माकडं बसलेली, केसाळ आणि उद्धट. घाटाखाली रस्ता फुटतो. सरळ गेलं की मक्का, पण तो रस्ता फक्त मुस्लिमांना. बाकीच्यांनी वळसा घ्यायचा, तशी मोठी पाटीच आहे.

"तुमच्या दोघांच्यापायी मला पण लांबचा फेरा," इस्माईलभाई म्हणाले आणि गाडी वळवली. मग जरा वेळानं, "उद्या मी एकटा जाऊन उमरा करतो. एवढ्या जवळ येऊन परत फिरलो तर आई घरात घेणार नाही."

रात्री इशाच्या नमाजाच्या सुमारास जेद्दा आलं. उघड्या खिडकीतून समुद्राचा वास आत आला. शहरात सगळे दिवे लागलेले होते, काचांवर पट्ट्या जवळजवळ दिसल्याच नाहीत. मला ते बघून आनंद व्हायला हवा होता. मला रियाधच्या खोल्यांतले चेहरे आठवत राहिले.

गुरुवारी सकाळी शाखेत खोकी दिली, एकेक पासपोर्ट यादीशी ताडून. रेनेचा पासपोर्ट हातात आला तेव्हा त्यानं तो उघडून आपला फोटो बघितला आणि परत दिला. दुपारी आम्ही बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, फिरलो. प्रवाळाच्या दगडांची जुनी घरं, लाकडी जाळीचे सज्जे बाहेर आलेले, गल्ल्यांत वेलदोड्याचा वास. फूल, म्हणजे वालासारख्या दाण्यांची घोटलेली उसळ, आणि भट्टीतली मोठी तमीस रोटी खायची असेल तर सकाळी लवकर जा, दुपारी संपते. एका चौकाजवळ परदेशी फोन करायचं ऑफिस होतं, काउंटरवर नंबर द्यायचा, केबिनमध्ये वाट बघायची आणि बोलणं लांबलं की तिथल्या पेटीत नाणी टाकायची. रेने त्याच्यासमोर थांबला. आत गेला नाही.

संध्याकाळी इस्माईलभाई मक्केची यात्रा करून आले ते रिवाजाप्रमाणे डोकं तुळतुळीत करून. त्यांनी आम्हाला दोघांना तिथल्या झमझमच्या पवित्र विहिरीचं पाणी दिलं, घोट-घोट.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर फेस्टिव्हल सुरू झालं. मेसच्या भिंतीला रंगीत कागद, टीव्ही दोन टेबलांवर उंच ठेवलेला, साठेक माणसं चटयांवर. मागे परीक्षकांच्या तीन खुर्च्या : मी, इस्माईलभाई आणि मुरात नावाचा तुर्की क्रेनवाला. आमच्यामागे दाराशी आणखी काही हिंदी-पाकिस्तानी मंडळी फुकटचा सिनेमा म्हणून उभी होती. रेने सगळ्यांत पुढे, गुडघे पोटाशी घेऊन.

मिलाचा सिनेमा दुसरा होता. एका श्रीमंत घराची गोष्ट. मिला मोलकरीण. आली की पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या, रेनेची पाठ थोपटली. तासाभरानं तो प्रसंग आला. घरात काहीतरी चोरीला गेलं आहे. मालक ओरडतो आहे. मालकीण टेबलाशी तांदूळ निवडत बसली आहे, आणि चोर कोण ते तिला ठाऊक आहे हे आपल्यालाही ठाऊक आहे. मिला ओणवी होऊन फरशी पुसते आहे. मेस एकदम गप्प झाली. मिलानं मान वर न करता म्हटलं :

"वाला आकोंग साला."

आमच्या मागून कुणीतरी फुस्स करून हसलं. मग इस्माईलभाई, मोठ्यानं. आणि मग मी.

मी हे जितकं सौम्य करून लिहायला बघतो तितकं ते खोटं होतं, म्हणून सरळ लिहितो. मी हसलो. एवढ्या गंभीर प्रसंगात त्या मुलीनं मालकाला "साला" म्हटलं असं ऐकू आलं, आणि आठवडाभर आवळून धरलेलं काहीतरी सुटलं. तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, आणि मागची सगळी रांग खदखदली. पुढे बसलेली साठ माणसं वळून आमच्याकडे बघू लागली. रेने वळला नाही. तो उठला आणि भिंतीच्या कडेनं बाहेर गेला.

मँग टोनींनी कॅसेट थांबवली आणि माझ्यापाशी येऊन हळू आवाजात विचारलं की काय झालं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. साला म्हणजे त्यांच्या भाषेत दोष, अपराध. वाला म्हणजे नाही. माझा अपराध नाही, असं ती म्हणत होती.

रेने पाण्याच्या टाकीशी बसला होता. मी त्याला समजावलं की हा शब्द आमच्याकडे शिवी आहे, मेहुण्यावरून दिलेली. हे इंग्रजीत सांगताना इतकं लंगडं वाटलं की मलाच ते सबब वाटायला लागलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही तिला हसलात असं मला वाटलं. आणि त्या क्षणी मला बरं वाटलं, सर. वाटलं, बघ, मी म्हणत होतो ना." त्यानं तोंडावर पाणी मारलं. "दोन वर्षं मी हेच करत होतो. न बघता."

तो आत येऊन पुढचा सिनेमा बघायला बसला, या खेपेस मागे, आमच्या खुर्च्यांशी.

संध्याकाळी मतं घ्यायची होती. सहायक अभिनेत्रीच्या बक्षिसासाठी दोनच नावं उरली : मिला, आणि तांदूळ निवडणारी ती मालकीण. इस्माईलभाईंनी ताबडतोब मिलाला दिलं. टकलावरून हात फिरवत ते म्हणाले, काल उमरा केला आणि आज गरिबाच्या पोरीला हसलो, माझं मत तिलाच. मुरातनं मालकिणीला दिलं. राहिलो मी. मी सकाळपर्यंत मुदत मागितली.

"दातेसायेब, तुम्ही जज व्हायला पायजे होतात," इस्माईलभाई म्हणाले. "फाशी पण दिली असती ती पोचपावती घेऊन."

शनिवारी सकाळी नाश्त्यानंतर मेस रिकामी झाल्यावर मी तो प्रसंग तीनदा बघितला. आता शब्द माहीत होते. पहिल्यांदा जे दिसलं नव्हतं ते दिसलं : मिला ते वाक्य मालकाला सांगतच नाही, फरशीला सांगते, आणि तिचं पुसणं थांबत नाही. काम चांगलं होतं, खरंच चांगलं. मग मालकीण बघितली. ती एक अक्षर बोलत नाही. तांदळातून तिची बोटं फिरत असतात, आणि मिला दुसऱ्यांदा ते वाक्य म्हणते तेव्हा त्या बाईचं बोट एका दाण्यावर थांबतं. मग पुन्हा चालू होतं.

मला मिलाला मत द्यायचं होतं. का, हे स्वतःला विचारलं तेव्हा उत्तर आलं की मी हसलो म्हणून. आणि मालकिणीला द्यावं तर तेही कशावरून स्वच्छ? मी कसा निःपक्षपाती आहे हे स्वतःला दाखवायला? तिसऱ्यांदा बघून झाल्यावर मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि, नियमात म्हटलं आहे तसं, फक्त चेहरे बघितले. मग चिठ्ठीवर मालकिणीचं नाव लिहून मँग टोनींना दिली.

जेवणाच्या वेळी निकाल लागला. एल्बोची ती बाई, मान वळवून मागं बघणारी, मेसमधल्या फ्रिजवर ठेवली गेली. दरवर्षीची मूर्ती अशीच कॅम्पात राहते, जिंकणाऱ्या नटीला कधी कळतही नाही. इस्माईलभाई दिवसभर माझ्याशी मोजकं बोलले.

मत कुणाचं होतं हे रेनेला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच सांगितलं. आम्ही दुपारी असरच्या नमाजानंतर बलदमधल्या त्या फोन ऑफिसच्या रांगेत उभे होतो. मनिलात तेव्हा रात्रीचे नऊ. मी म्हणालो, माझं एक मत होतं, ते मी तिला दिलं नाही.

रांग सरकली तसा तो एक पाऊल पुढे झाला.

"परत किती वेळा बघितलंत?"

"तीनदा. आणि आणखी एकदा, आवाज बंद करून."

"मग तिला खोटं सांगावं लागणार नाही," तो म्हणाला. "बक्षीस मिळालं असतं तर तिनं विचारलं असतं, दया आली का."

त्याचा नंबर लागला तेव्हा मी रांगेतून बाहेर होणार होतो. त्यानं खुणेनं थांबवलं, सुट्टे लागतील म्हणून. केबिनचं दार नीट लागत नव्हतं. तो उभ्यानंच बोलायला लागला. आधी घाईघाईनं, बहुधा रियाधचं, मी बरा आहे वगैरे. मग तिचं बोलणं ऐकत राहिला. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि मी मुद्दाम चौकाकडे बघत होतो. मग तो अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून बोलला, आणि ते मला कळलं. मधला शब्द बदललेला होता, बाकीचे दोन तेच होते.

"वाला कांग साला."

तुझा अपराध नाही.

काउंटरवरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला. सुट्टे लागले. मी दारातून आत हात घालून दिले.

रविवारी आम्ही रियाधला परतलो, गाडीत खोकी नाहीत, तेच पत्र. परतीच्या रकान्यातही रेनेचं कारण तेच होतं आणि शिपायानं रिकाम्या गाडीकडे बघून भुवया उंचावल्या. मी काही बोलायच्या आत इस्माईलभाईंनी अरबीत काहीतरी सांगितलं आणि तो हसून बाजूला झाला. काय सांगितलंत, मी विचारलं. "मी म्हटलं, हा एक सायेब आहे, खोटं बोलायला गेला की घामाघूम होतो, त्याला उन्हात उभा करू नको." तिथून पुढे ते माझ्याशी पूर्वीसारखे बोलू लागले. रियाधला पोचल्यावर हल्ल्याचा भोंगा वाजला, आम्ही खाली तळघरात गेलो, वर आलो. फेब्रुवारीच्या अखेरीस युद्ध संपलं. पासपोर्ट मात्र मे महिन्यापर्यंत जेद्दातच होते, आणि ज्यांना घरी जायचं होतं त्यांना मी रोज तेच उत्तर देत होतो.

आता मिरजेत बसून ही डायरी टाइप करतो आहे. सौदीत थिएटरं उघडली आहेत, माझी भाचेमंडळी जेद्दाच्या मॉलमध्ये सिनेमा बघून फोटो पाठवतात. जाणार असाल तर विमानाऐवजी एकदा रस्त्यानं जा, तायफच्या घाटात माकडांना खायला देऊ नका, आणि मुस्लिम नसाल तर घाटाखालच्या पाटीकडे लक्ष ठेवा.

रेनेनं कंपनी सोडताना ती कॅसेट मला दिली. ती बघायचं यंत्र घरात आता नाही, आणि फीत बहुधा चिकटलीही असेल. त्या मतावर मी अजून अधूनमधून विचार करतो. दोन्ही बायका चांगल्या होत्या आणि आवाज बंद करून निवड केली, ती मला अजूनही बरोबर वाटते. पण आवाज बंद करायची वेळ माझ्यामुळे आली होती, हेही तितकंच बरोबर आहे.

परवा नातू खेळताना दुसऱ्या पोराला "साला" म्हणाला. मुलगी त्याला रागावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी सांगा त्याला, असं बोलू नये."

मी सांगायला तोंड उघडलं, आणि आधी त्याला विचारलं की त्या पोराचा दोष काय होता.